विस्थापितांच्या वस्तीतील खेळघर : पद्धत कोणती घ्यावी आणि ती टिकवावी कशी?

पायवाट

नमस्कार. गेली दीड वर्षे आम्ही चौघेजण विस्थापित कुटुंबांच्या एका वस्तीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी खेळघर चालवत आहोत. वस्ती कोठे आहे हे मुद्दामच लिहीत नाही, कारण त्याचा त्रास तेथल्या माणसांना होऊ शकतो आणि माझ्या प्रश्नात त्याने फारसा फरकही पडत नाही. वस्तीत दोन गटांची कुटुंबे आहेत. एकाच संघर्षामुळे दोघांनाही घरदार सोडावे लागले, आणि आपल्या हालांना दुसरा गट जबाबदार आहे अशी दोन्हीकडे पक्की समजूत आहे. खेळघरात दोन्हीकडची मिळून २८ मुले येतात. वस्तीतल्याच दोन बायका ताई म्हणून आमच्याबरोबर काम करतात, दोन्ही गटांतली एकेक.

अडचणी तीन आहेत. पहिली पद्धतीची. आमच्यातील एका मैत्रिणीने माँटेसोरीचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे आणि पूर्ण साधनसंच असल्याशिवाय काम खरे होणार नाही, असे तिला मनापासून वाटते. दुसरा सहकारी इटलीतील रेजिओ एमिलिया या शहरातल्या बालशाळांच्या वाटेने जावे म्हणतो. या वादात आमचे बरेच दिवस गेले आहेत. दुसरी अडचण वस्तीतील वजनदार मंडळींची. आपल्या बाजूची गाणी मुलांना शिकवा, असा दोन्ही गटांचा आग्रह असतो, आणि पाहणीला येणारे अधिकारी दर वेळी विचारतात की तुम्ही इथे मुलांना शिकवता तरी काय. तिसरी अडचण पालकांची, आणि ती मला सर्वांत जड जाते. त्यांना पाटी हवी आहे, अक्षरे हवी आहेत. एका आईने मला सांगितले, ‘आमचे सगळे गेले, आता मुलगा नुसता मातीत खेळताना बघवत नाही.’ मला उत्तर देता आले नाही.

यापेक्षा वेगळी असलेली एक गोष्ट विचारायची आहे. पाच वर्षांचा एक मुलगा रोज अंगणातल्या वाटेवर काठी आडवी धरून उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला कागद दाखवायला सांगतो. कागद नसेल तर सोडत नाही. लहान मुले रडतात. हा खेळ बंद करावा, असे दोन्ही ताईंचे म्हणणे आहे. ज्यांनी अशा परिस्थितीत काम केले आहे किंवा याचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शोधयात्री

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो, कारण माझ्या मते ते एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत.

ज्या पद्धतींची नावे घेऊन आपल्याकडे वाद चालला आहे, त्या सुस्थितीतल्या, शांत समाजात जन्मलेल्या नाहीत. माँटेसोरीबाईंचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामकरी वस्तीत सुरू झाले, आणि ते काढण्यामागचा हेतू सुरुवातीला शैक्षणिक नव्हताच. आईबाप कामावर गेल्यावर मोकाट राहिलेली मुले नव्याने दुरुस्त केलेल्या इमारती खराब करतात, म्हणून त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढीच मालकांची अपेक्षा होती. आज ज्याला आपण साधनसंच म्हणतो, त्याला त्या खोलीतल्या मुलांकडे रोज बारकाईने पाहता पाहता आकार आला. रेजिओ एमिलियाची कथा तर आपल्या वस्तीला अधिकच जवळची आहे. १९४५ च्या वसंतात युद्ध संपले त्या दिवसांत, त्या शहराजवळच्या व्हिला चेल्ला नावाच्या खेड्यातील लोकांनी माघार घेतलेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून मुलांची शाळा उभारायला घेतली. विटा बॉम्बने पडलेल्या घरांच्या होत्या आणि वाळू नदीची. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवरून पाहायला गेला तेव्हा बायका विटा साफ करत बसल्या होत्या. म्हणजे शाळा आधी उभी राहिली, तीही पालकांच्या हातांनी, आणि ‘पद्धत’ हे नाव तिला कितीतरी नंतर मिळाले. म्हणून आपल्या मैत्रिणीला मी एवढेच सुचवीन की संचाची यादी करण्याआधी महिनाभर मुलांची नोंदवही लिहावी. तिच्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे मध्ये न पडता पाहण्याची सवय, तिच्याजवळ आहेच.

आता सत्तेविषयी. लहान मुलांच्या शाळेत राजकारण कसले, असे आपल्याला वाटते, पण राज्यकर्त्यांना तसे कधीच वाटलेले नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालोद्यानांवर (किंडरगार्टनवर) प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बंदी घातली. ती नास्तिकता आणि समाजवाद पसरवतात असा आरोप होता आणि त्यात फ्रोबेलच्या पुतण्याच्या लेखनाशी झालेल्या गल्लतीचाही भाग होता. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. मधल्या काळात ही कल्पना जिवंत राहिली ती प्रामुख्याने फ्रोबेलच्या विचारांत तयार झालेल्या स्त्रियांमुळे, ज्यांनी ती इंग्लंडात आणि अमेरिकेत नेली. विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे १८५६ मध्ये मार्गारेथ शुर्झ यांनी स्वतःच्या घरात जर्मन बोलणाऱ्या मुलांसाठी असेच एक बालोद्यान उघडले होते.

माँटेसोरीबाईंचा अनुभव अधिक कडू आहे. मुसोलिनीच्या सरकारने १९२० च्या दशकात त्यांना उघड पाठिंबा दिला, शाळा वाढल्या, आणि मग शाळांनी सत्तेची भाषा बोलावी अशी अपेक्षाही वाढली. १९३० च्या दशकात इटलीतील त्यांच्या शाळा बंद झाल्या. एका बलवान माणसाच्या आधाराने जे उभे राहते, ते त्याच्या एका शब्दाने पडते. आपल्या वस्तीतील एखादे वजनदार गृहस्थ उद्या खोली बांधून देतो म्हणतील, तेव्हा कृपया हे आठवा.

मग आधार कोणाचा घ्यावा? १९७६ मध्ये इटलीत कॅथलिक वर्तुळातून रेजिओच्या नगरशाळांविरुद्ध सरकारी रेडिओवर मोहीम सुरू झाली. या शाळा मुलांना बिघडवतात, असा तिचा सूर होता. मालागुत्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पत्रकाने उत्तर दिले नाही. त्यांनी शाळेचे दरवाजे उघडले आणि विरोधकांना, धर्मगुरूंना आत बोलावून महिनोन्‌महिने चर्चा घडवली. शाळा टिकल्या. अधिकारी ‘काय शिकवता’ असे विचारतात तेव्हा त्यांना तक्ता दाखवण्यापेक्षा तासभर खाली बसवावे आणि शेजारी एखादी आई असावी, असे मी म्हणतो ते यावरून.

मात्र पालकांचा आधार म्हणजे संरक्षणाची हमी नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९६५ मध्ये तेथील बालविकास गटाने गरीब मुलांसाठीच्या हेड स्टार्ट या सरकारी योजनेतून ऐंशीहून अधिक केंद्रे उघडली आणि सुमारे ६,००० मुले त्यांत आली. केंद्रे गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतील माणसेच चालवत. जमीनमालकावर अवलंबून नसलेला पगार त्यांतल्या अनेक बायकांना प्रथमच मिळू लागला, आणि नेमके तेच खुपले. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी हिशेबांवर बोट ठेवून निधीवर हल्ला चढवला आणि पुढच्याच वर्षी निधी रोखला गेला. नंतर तो काही अंशीच परत मिळाला. यातून मी एक साधी गोष्ट शिकलो : हिशेबाची वही मुलांच्या नोंदवहीइतकीच काळजीने लिहावी. शत्रू आधी शिक्षणशास्त्रावर येत नाहीत, पावत्यांवर येतात.

वाळूचा_किल्ला

मी बारा वर्षे अशाच एका वस्तीत बालवाडी चालवली आहे. शोधयात्रींनी बाहेरच्या जगाविषयी लिहिले. मी खोलीच्या आतले लिहिते, आणि सुरुवात काठी धरून उभ्या राहणाऱ्या त्या मुलापासून करते.

पायवाट, तो खेळ बंद करू नका. त्या मुलाने एखाद्या नाक्यावर आपल्या आईबापांना कागदांसाठी थांबलेले पाहिले असणार, आणि त्या वेळी त्याला काही समजले नसणार. समजले एवढेच, की काठी ज्याच्या हातात असते तो घाबरत नाही. आता काठी त्याच्या हातात आहे. खेळ हिसकावून घेतलात तर तो तेच भिंतीआड करील, लहानांना ढकलून करील. त्याऐवजी तुम्ही स्वतः रांगेत उभे राहा. तुमच्याजवळ कागद नाही असे सांगा आणि मग काय करायचे हे त्यालाच विचारा. माझ्याकडे असा खेळ दोन मुली खेळत, आणि एका सकाळी रांगेतल्या एका लहानग्याने जमिनीवरचे वाळके पान उचलून पुढे केले. पहारा देणारी मुलगी त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली, तिने ते उलटे करून पाहिले आणि मग काठी वर केली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात पाने होती. आम्ही काहीही केले नव्हते. फक्त पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या मुलांना उचलून घेण्यासाठी एक ताई तेथे नेमली होती. तेवढे मात्र तुम्ही जरूर करा, कारण लहानांचे रडणे खरे आहे आणि एकाच्या बरे होण्याची किंमत दुसऱ्याने देणे योग्य नाही. खेळ अनेक आठवडे तसाच, एकाच ठिकाणी अडकून राहिला, मुलाच्या चेहऱ्यावर कधी हसू दिसले नाही, किंवा तो दुखापत करू लागला, तर मात्र जाणकाराची मदत घ्यायला हवी.

बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील हॅम्पस्टेड येथे युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी पाळणाघरे चालवली. त्यांच्या नोंदींत एक निरीक्षण पुन्हा पुन्हा येते, की बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना अधिक खोल जखम करते. ते उमगल्यावर त्यांनी व्यवस्थाच बदलली आणि चार-पाच मुलांमागे एक ठरलेली सांभाळणारी, असे छोटे कुटुंबगट केले. मला या कामात एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगीन. तुमच्या २८ मुलांसाठी साधनसंच नसला तरी चालेल, पण सकाळी दारात तेच माणूस उभे असावे, तेच गाणे व्हावे, चटई त्याच कोपऱ्यात अंथरलेली असावी आणि घरी जाताना तोच निरोप असावा. ज्यांच्या आयुष्यात काल आणि आज यांचा मेळच लागत नाही, त्यांना उद्या काय होणार हे ठाऊक असणे ही फार मोठी गोष्ट आहे. पाहुणे, स्वयंसेवक, छायाचित्रे घ्यायला येणारी माणसे यांना आवर घाला. दर महिन्याला नवी माणसे येऊन मुलांना जीव लावून निघून जातात, त्यापेक्षा ती न आलेली बरी.

साधनांविषयीही लिहिते, कारण मलाही सुरुवातीला संच नसल्याची लाज वाटे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये काम कोसबाडला नेले, तेव्हा माँटेसोरी विचार त्यांच्या पूर्ण अंगवळणी पडला होता. तरीही त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांवर तो जसाच्या तसा लादला नाही. बिया, शिंपले, खडे, पाने ही साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. मुले गुरे राखायला जात, तेव्हा शाळा कुरणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज एवढा रुळला आहे की त्यामागे न येणाऱ्या मुलांचा पाठलाग करणारी दोन माणसे आहेत, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०१७ नंतर बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोहिंग्या मुलांसाठी ब्रॅक या संस्थेने काढलेली खेळघरे पाहा. तेथे समाजातल्याच तरुण स्त्रियांना खेळताई म्हणून घेतले गेले आणि मुलांची गाणी, बडबडगीते, भिंतींवरची नक्षी त्यांच्याच घरांतून गोळा केली गेली.

यातच तुमच्या गाण्यांच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. वजनदार मंडळी आपल्या बाजूची गाणी देतात, तेव्हा नुसते ‘नको’ म्हटले तर तो अपमान होतो. त्याऐवजी दोन्ही ताईंना त्यांच्या आज्यांची अंगाईगीते विचारा. आमच्याकडे असे केले तेव्हा एका बाजूची अंगाई ऐकून दुसऱ्या बाजूची आजी म्हणाली, की ही तर आमची चाल आहे. त्यावर थोडी भांडाभांडीही झाली. मला ती भांडाभांडी फार आवडली होती.

सरळरेघ

वरील दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले आणि बहुतेक मुद्दे पटले, तरीही त्या आईची बाजू कोणी पुरेशी घेतली नाही, म्हणून लिहितो.

‘मुलगा नुसता मातीत खेळताना बघवत नाही’ या वाक्यात अज्ञान नाही. ज्याचे घर, जमीन, कागद सगळे गेले, त्याला शाळेतले अक्षर हे असे एकच धन वाटते, की जे कोणी हिरावून घेऊ शकत नाही. सुखवस्तू घरातले मूल सात वर्षांचे होईपर्यंत खेळले तरी त्याची शाळेतली जागा जात नाही. विस्थापिताच्या मुलाची जाते. त्याला शाळेत घेताना आधीच शंभर शंका काढल्या जातात, त्यात हे मूल शाळेच्या तयारीचे नाही, ही आणखी एक शंका आपण आपल्या हाताने भरतो. ‘पर्यायी’ या गोड शब्दाखाली गरिबांसाठी कमी प्रतीचे काही चालवले जाण्याचा धोका नेहमीच असतो. तो माझ्या स्वतःच्या बहिणीच्या मुलाच्या वाट्याला आला; तो शिकत होता ती खेळशाळा अतिशय प्रेमळ होती, पण पुढच्या शाळेशी कोणी बोलणेच केले नव्हते आणि त्याचे पहिले वर्ष केवळ गोंधळात गेले.

याचा अर्थ तीन वर्षांच्या मुलापुढे पाटी ठेवावी असा नाही. मिशिगनमधील इप्सिलांटी येथे १९६२ ते १९६७ या काळात चाललेल्या पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास झाला. निवडीने काहींना कृतिप्रधान बालशाळा मिळाली, काहींना मिळाली नाही, आणि पुढे चाळिशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. बुद्ध्यांकातील सुरुवातीची वाढ काही वर्षांत विरली, पण शाळा पूर्ण करणे, रोजगार, गुन्ह्यांपासून दूर राहणे यांतला फरक टिकला. त्या प्रकल्पात खेळ होता, मात्र तो मोकाट नव्हता. काय करायचे ते मूल आधी ठरवी, मग करी आणि शेवटी काय केले ते सांगे. शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईबरोबर बसत. संख्या लहान आहे आणि काळ जुना आहे, म्हणून त्यावर डोंगर उभारू नये. पण खेळ आणि शाळेची तयारी यांत वैर नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

न्यूझीलंडमधील माओरींचा अनुभव आपल्याला पुढचा टप्पा दाखवतो. आपली भाषा मरते आहे हे पाहून त्यांनी १९८२ मध्ये कोहांगा रेओ, म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. आजी-आजोबा लहानग्यांशी केवळ माओरीत बोलत. काही वर्षांतच अशी शेकडो घरटी झाली. मग घरट्यातून निघालेली मुले इंग्रजी शाळेत गेली आणि तेथे त्यांची भाषा झपाट्याने गळू लागली, तेव्हा पालकांनी १९८५ पासून स्वतःच्या प्राथमिक शाळा काढल्या. १९८७ मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. नवी शाळा काढणे तुम्हाला शक्य होणार नाही, हे मी समजू शकतो. पण आसपासच्या ज्या शाळेत ही मुले जाणार आहेत, तेथील पहिलीच्या शिक्षकांना आजच खेळघरात बोलावणे शक्य आहे. आणि त्या आईला उत्तर द्यायचे असेल, तर तिच्या मुलाने रचलेल्या खड्यांच्या ओळीशेजारी तिला बसवा. तो सात खडे मोजतो, त्यांतले दोन काढतो, किती उरले ते सांगतो, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकू द्या. त्याच्या चित्राखाली त्याने सांगितलेले वाक्य त्याच्या शब्दांत लिहा आणि तो कागद घरी पाठवा. तिला अक्षर मिळेल, आणि ते तिच्या मुलाच्या तोंडचे असेल.

पायवाट

आपण तिघांनीही एवढ्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. तीन आठवडे झाले, म्हणून काय घडले ते कळवते.

साधनसंचाची मागणी आमच्या मैत्रिणीने स्वतःच बाजूला ठेवली आणि ती नोंदवही लिहू लागली आहे. पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आले की दोन्ही गटांतली मुले चटईच्या दोन टोकांना बसतात ही आमची समजूत चुकीची होती. ती वयाप्रमाणे बसतात, आणि टोकांना बसतात त्या आमच्या दोन ताई. हे वाचून आम्ही सगळेच काही वेळ गप्प होतो. आता त्या दोघींनी मिळून दाराशी उभे राहायचे ठरवले आहे. अंगाईगीतांची सुरुवात झाली आहे. चित्राखालचे वाक्य ही सूचना सर्वांत लवकर रुजली. तो कागद घेऊन एक वडील खेळघरात आले आणि त्यांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

काठीच्या खेळात मी रांगेत उभी राहिले. कागद नाही असे म्हटल्यावर मुलगा गोंधळला आणि त्याने मला बाजूला बसायला सांगितले. मी बसले. इतरांना एकेक करून सोडून झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि त्याने विचारले, ‘तुला कुठे जायचे आहे?’ मी आत जायचे आहे म्हणाले. त्याने काठी खाली ठेवली नाही, पण मला जाऊ दिले. आता रोज तो प्रत्येकाला कागदाऐवजी हेच विचारतो.

एक प्रश्न उरला आहे. पुढच्या महिन्यात अधिकारी पाहणीला येणार आहेत, आणि त्या वेळी हा खेळ चालू असला तर काय करावे? तो पाहून त्यांचा गैरसमज होईल अशी ताईंना भीती वाटते.

वाळूचा_किल्ला

चालू असला तर चालू द्या. अधिकारी दारातून येतील तेव्हा तो मुलगा त्यांनाही विचारीलच. शोधयात्रींनी सुचवल्याप्रमाणे त्या दिवशी दोन्ही गटांतल्या दोन-तीन आया आधीपासून खोलीत बसलेल्या असू द्या. अधिकाऱ्यांनी उत्तर दिले तर तो सोडील. नाही दिले, तर त्यांना थोडे बाजूला बसावे लागेल, आणि तेवढ्या वेळात तुम्ही शेजारी बसून खेळ समजावून सांगू शकाल. नोंदवहीतली त्या मुलाची तीन आठवड्यांची पाने आणि हिशेबाची वही मात्र आदल्या दिवशीच काढून ठेवा.